चितार ओळीतून करून घेतलेली कोंबडी : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

मागच्या नोव्हेंबरात नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीलगतच्या एका गल्लीतून मी कोंबडीची एक हातबाहुली करून घेतली. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ती हवी होती. संमेलन डिसेंबरच्या अखेरीस झाले, त्यानंतर बाहुली आणखी पाच-सहा कार्यक्रमांत नाचली, मे महिन्यात एकदा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरली गेली, आणि आता जुलैत ती दोन्ही डोळे नव्याने शिवून घेऊन माझ्या टेबलावर बसली आहे. एखाद्या वस्तूविषयी जबाबदारीने मत द्यायला एवढा वापर पुरेसा असावा. कारागिराचे नाव मी देत नाही, कारण पुढे दोन-तीन तक्रारी आहेत आणि तो एकट्याच्या बळावर काम करणारा माणूस आहे. ज्यांना अशी बाहुली हवी असेल त्यांनी त्या भागात चार ठिकाणी विचारावे. मूर्ती, मुखवटे आणि बडगे, म्हणजे मिरवणुकीत नेायचे मोठे पुतळे, करणारे हात तिथे बरेच आहेत.

कोंबडी कोणती, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण सगळा अभिप्राय त्यावरच अवलंबून आहे. मी कारागिरासमोर नमुना म्हणून ठेवली होती ती ‘द मपेट शो’मधली कॅमिला. ही बाहुल्यांची विनोदी दूरचित्रवाणी मालिका १९७६ ते १९८१ या काळात तयार झाली, तिचे पाच हंगाम आणि १२० भाग झाले, आणि तिचे कर्ते जिम हेन्सन अमेरिकन असले तरी तिचे चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत झाले. कर्मिट हा बेडूक आणि मिस पिगी ही डुकरीण यांची नावे मपेट फारसे न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतात. कॅमिला मात्र त्या पंक्तीतली नाही. वाकड्या नाकाचा, निळसर रंगाचा आणि नेमका कोणत्या जातीचा प्राणी आहे हे कोणालाच न उमगणारा गोंझो नावाचा एक करामतीवेडा त्या नाटकमंडळीत आहे, आणि कॅमिला ही त्याची प्रेयसी आहे. ती पांढरी कोंबडी आहे आणि कोंबडीसारखाच आवाज काढते, यापलीकडे तिच्याविषयी सांगण्यासारखे फार काही नाही. मंचावर पाच-सात कोंबड्या एकत्र आल्या की त्यांतली कॅमिला कोणती हे ओळखणे कठीण जाते. त्याच मालिकेतला स्वीडिश आचारी अशाच कोंबड्यांच्या मागे सुरा घेऊन धावत असतो, म्हणजे एकाच घरात एकाला जी प्रेयसी वाटते तीच दुसऱ्याला रस्सा वाटते.

मला ती नेमकी याच कारणासाठी हवी होती. चौथीच्या मुलांसाठी मी दहा मिनिटांचा एक प्रवेश लिहिला होता. त्यात एक जादूगार आहे, त्याचा प्रत्येक प्रयोग फसतो, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयोगानंतर तो आपल्या सहकारिणीकडे, म्हणजे कोंबडीकडे, वळून तिचे मत विचारतो. कोंबडी काहीच बोलत नाही. तिने बोलायचेच नाही, ही त्या प्रवेशातली एकमेव अट होती. सर्व विनोद तिला गंभीरपणे घेणाऱ्या जादूगाराचा आहे. तिने फक्त कोंबडी असायचे आहे. कॅमिला दीर्घकाळ ज्यांच्या हातावर होती ते जेरी नेल्सन हे ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेतल्या काउंटचे, म्हणजे आकडे मोजत गडगडाटी हसणाऱ्या त्या पिशाच्चाचेही, मूळ कलावंत. इतका दमदार आवाज असलेला माणूस एका कोंबडीच्या क्वॉक-क्वॉकसाठी हात वर करून उभा राहत असे, यावरून दुय्यम पात्राला त्या मंडळींच्या लेखी किती मान होता ते कळते. आपल्याकडे संमेलनात कोंबडीचे काम उंचीने सर्वांत लहान असलेल्या मुलाला देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे.

आता बाहुलीकडे येते. ज्या पात्राला संवाद नाही त्याचे सगळे बोलणे मानेत असते, म्हणून मी सर्वांत जास्त वेळ मान तपासण्यात घालवला आणि सर्वांत जास्त गुणही मानेलाच देते. कोंबडी चालताना निरखून पाहिली तर लक्षात येते की तिचे डोके सतत पुढे-मागे हलत नसते. ती डोके झटक्याने पुढे टाकते, मग ते हवेत एका जागी स्थिर धरते, आणि तेवढ्यात शरीर मागून येऊन डोक्याला गाठते. पुढचे पाऊल पडले की पुन्हा तोच क्रम. नजर स्थिर राहावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, आणि कोंबडी आपल्याला गमतीदार वाटते ती बव्हंशी हिच्यामुळे. बाजारात मिळणाऱ्या कापडी हातबाहुल्यांत मान आणि धड एकाच नळीचे शिवलेले असते, त्यामुळे मनगट पुढे केले की अख्खी कोंबडी पुढे जाते आणि ती कोंबडी न वाटता उशी वाटते. तशी एक मी आधी घरबसल्या मागवून पाहिली होती. ती आता शेजारच्या बाळाकडे आहे आणि तिथे ती सुखात आहे.

या कारागिराने ती अडचण फार सुंदर रीतीने सोडवली. त्याने धड वेगळे केले, त्याच्या आत रुंद इलॅस्टिकचा पट्टा बसवून ते कोपराच्या थोडे वर घट्ट बसेल असे केले, आणि मानेचे कापड आकाशकंदिलाच्या कागदासारखे आडव्या चुण्या घालून सैल ठेवले. परिणाम असा की हाताचा पंजा चार-पाच इंच पुढे जातो, चुण्या उलगडतात, धड जागेवर राहते, आणि मग हात पुढे सरकवला की धड मागून येते. पहिल्या तालमीत मी टेबलाच्या पडद्यामागून एवढीच हालचाल केली, एक शब्दही उच्चारला नाही, आणि समोर बसलेल्या मुलांत जी खसखस पिकली ती पाहून अर्धे पैसे वसूल झाले असे मला वाटले. ही युक्ती कुठून शिकलात असे विचारल्यावर कारागीर म्हणाला, “मारबतीत बडग्याची मान हलवतो नं आम्ही मॅडम, तेच हाय.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीत पुढाऱ्यांचे आणि महागाईचे बडगे माना डोलावत जाताना नागपूरकरांनी लहानपणापासून पाहिले आहेत, पण त्या डोलण्यामागे एवढा विचार असेल असे माझ्या कधी मनात आले नव्हते.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र आमचे दोनदा मतभेद झाले. खऱ्या कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि दाणा नीट पाहायचा असेल तर ती मान तिरपी करून एका डोळ्याने पाहते. कारागिराने पहिल्या खेपेस डोळे अगदी तसेच, दोन बाजूंना बसवले. समोरून पाहिले तर चोच आणि तुरा दिसे, डोळे दिसतच नसत, आणि बाहुली आंधळी वाटे. मपेट बाहुल्यांच्या घडणीत ज्यांचा मोठा हात होता त्या डॉन साहलिन यांचा सगळा भर डोळे, नाक आणि तोंड यांच्या परस्परांतील जागेवर असे. बाहुली कुणाकडे तरी पाहते आहे असा भास त्या जागेतूनच निर्माण होतो. हेन्सन यांनी १९५५ साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून पहिला कर्मिट केला तेव्हाही डोळे म्हणून पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला होता, आणि तो बेडूक इतकी वर्षे टिकला त्यात त्या दोन अर्धगोलांच्या नजरेचा वाटा मोठा आहे. हे सगळे मी कारागिराला माझ्या शिक्षकी पद्धतीने समजावून सांगितले आणि डोळे पुढे आणायला लावले.

ते पुढे आले, आणि कोंबडी घुबडासारखी दिसू लागली. चूक माझी होती, हे इथे नोंदवणे न्यायाचे होईल. समोर पाहणारी कोंबडी शहाणी वाटते, आणि कोंबडीने शहाणे दिसायचे नसते. तिरप्या मानेने एका डोळ्याने जादूगाराकडे पाहणे हाच तिचा अभिप्राय होता आणि तोच मी घालवला होता. शेवटी डोळे मूळ जागेपासून केवळ अर्धे बोट पुढे, किंचित कललेले, असे ठरले. आता समोरून दोन्ही डोळ्यांच्या कडा दिसतात आणि मान वळवली की एक डोळा पूर्ण दिसतो. या तीन खेपांचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुसरा मतभेद पापण्यांचा. बाहुली ताब्यात घ्यायला गेले तेव्हा तिला लांब, काळ्या, वर वळलेल्या पापण्या आणि चोचीच्या टोकाला गुलाबी रंग लावलेला होता. मी हे नको म्हटल्यावर तो मनापासून गोंधळला. “पापण्या नाही लावल्या मॅडम, तं कोंबडी हाय का कोंबडा, कसं समजन?” तुऱ्यावरून समजते, असे मी म्हणाले, आणि तुरा लहान करून घेतला, कोंबड्याचा तुरा मोठा असतो आणि कोंबडीचा बेताचा, एवढे तर आपल्या मुलांनी ओळखावे. मादी प्राणी म्हटला की पापण्या, ओठ आणि बो लावण्याची ही सवय केवळ त्या कारागिराची नाही, खेळण्यांच्या सगळ्या बाजाराची आहे, आणि विनोदी पात्राच्या बाबतीत ती विशेष घातक ठरते, कारण मग प्रेक्षक नटलेल्या कोंबडीला हसतो आणि जादूगाराकडे कोणी पाहत नाही. पापण्या काढल्यावर त्या जागी गोंदाचे दोन पिवळट डाग राहिले. ते अजून आहेत.

चोचीचे काम चांगले आहे, पण ते समजून वापरावे लागते. आत वरच्या चोचीसाठी चार बोटांचा आणि खालच्या चोचीसाठी अंगठ्याचा असे दोन कप्पे आहेत. आपल्याकडे प्राणी-बाहुली म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा येतो. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो ससा पुढचे दोन दात दाखवून हसायचा, आणि ‘कुर्रम कुर्रम’ म्हणताना त्याचा अवघा चेहरा उघडायचा. मुलांच्या हातात माझी कोंबडी दिल्याबरोबर तीही तशीच, वरची चोच आभाळाला लावून, बोलू लागली. अशाने कोंबडी दर आवाजाला मागे कोलमडल्यासारखी दिसते. चार बोटे स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली पाडायचा, म्हणजे डोके जागच्या जागी राहते आणि चोच उघडते; बोलक्या बाहुल्यांच्या कलेतला हा पहिला धडा आहे आणि कोणत्याही बाहुलीसोबत त्याची एक ओळीची चिठ्ठी द्यायला हरकत नसावी. या बाहुलीसोबत कोणतीच सूचना मिळत नाही.

पिसांविषयी थोडक्यात. खरी पिसे लावून देण्याची तयारी त्याने दाखवली होती. वास, धूळ आणि दम्याचा त्रास असलेली दोन मुले यांचा विचार करून मी नकार दिला. त्याऐवजी पांढऱ्या पॉपलीनच्या पट्ट्या करवतीच्या दातांसारख्या कापून, शेपटीकडून सुरुवात करून कौले रचावीत तशा एकावर एक शिवल्या आहेत. हलताना त्यांचा बारीक सळसळ असा आवाज होतो आणि तो मला आवडतो. बाहुली मळली तर मशीनमध्ये टाकता येत नाही. ओल्या फडक्याने पुसावी लागते.

वजन घरच्या काट्यावर ३४० ग्रॅम भरले. हे ऐकायला काहीच नाही, पण मपेटवाले जसे सेटखाली उभे राहून, हात डोक्यावर धरून आणि समोरच्या मॉनिटरवर आपलीच बाहुली पाहत काम करतात, तसे करून पाहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला माझा खांदा बोलू लागला. आमच्याकडे मॉनिटर नव्हता, म्हणून पडद्यासमोर एका विद्यार्थिनीला बसवले आणि ती हाताने खुणा करी : उजवीकडे, डावीकडे, वर. दहा वर्षांच्या मुलासाठी ही बाहुली जड आहे आणि तिचा कप्पा मोठ्या माणसाच्या हाताचा आहे. मी आत एक जुना हातमोजा स्पंज भरून शिवला, तेव्हा कुठे ती मुलांच्या पंजावर बसली. मापे घेताना बाहुली कोण चालवणार आहे हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही, त्यामुळे हा दोष अर्धा-अर्धा वाटून घ्यावा लागेल.

खरी तक्रार गोंदाची आहे. मे महिन्यात एका शिबिराहून परतताना बाहुली गाडीच्या मागच्या सीटवर राहिली. पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत बंद गाडीच्या आत काय होते हे नागपुरात वेगळे सांगायला नको. दुपारी चार वाजता दार उघडले तेव्हा कोंबडीचा डावा डोळा सीटवर पडलेला होता आणि तुरा एका बाजूला ओघळला होता. डोळे, तुरा आणि गळ्याखालची लाल लोंबती हे सगळे गरम करून लावायच्या गोंदाच्या कांडीने चिकटवलेले होते, आणि जे उष्णतेने चिकटते ते उष्णतेने सुटतेही. गाडीत बाहुली विसरणे हा माझा निष्काळजीपणा होता, हे मान्य. परंतु विदर्भात विकली जाणारी वस्तू विदर्भाचा उन्हाळा गृहीत धरूनच केलेली असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. मानेचे इतके बुद्धिमान काम करणाऱ्या माणसाने डोळ्याला चार टाके घालण्याचा आळस करावा, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. दुरुस्तीसाठी नेल्यावर त्याने कुरकुर न करता दोन्ही डोळे जाड दोऱ्याने शिवून दिले, तुराही शिवला आणि ८० रुपये घेतले. डोक्यातला स्पंज काही वर्षांनी पिवळा पडून त्याचा भुगा होणार आहे, हेही मी धरून चालले आहे. जुन्या मपेट बाहुल्या जतन करणाऱ्या संग्रहालयांनाही फोमचा हा स्वभाव छळतो, तिथे चितार ओळीला बोल लावता येत नाही.

किंमत १,८५० रुपये पडली, त्यातले ५०० आगाऊ. बारा दिवसांचा वायदा होता आणि तेवीस दिवस लागले. प्रत्येक फोनवर “होऊन जाते मॅडम, टेन्शन घेऊ नका” हे एकच उत्तर मिळाले, आणि ते ऐकून ऐकून मला जे टेन्शन आले त्याचा हिशेब या रकमेत धरलेला नाही. ज्यांना निव्वळ घरात मुलांना खेळायला काही हवे आहे त्यांनी एवढा खर्च करू नये. सीताबर्डीच्या बाजारात दोन-अडीचशे रुपयांत मिळणारी कापडी बाहुली त्यासाठी पुरे आहे. ज्यांना मंचावर, पन्नास-साठ प्रेक्षकांसमोर, एखाद्या न बोलणाऱ्या प्राण्याकडून काम करून घ्यायचे आहे त्यांनी मात्र जरूर करून घ्यावी. मागणी नोंदवताना तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात : बाहुली कोणाच्या हातात जाणार त्याच्या पंजाचे माप, सर्व जोडकाम टाक्यांचे, आणि तारीख प्रत्यक्ष गरजेच्या दोन आठवडे आधीची. आषाढापासून अनंत चतुर्दशीपर्यंत तिथे जाऊच नये, कारण त्या दिवसांत आधी मारबत आणि बडगे, मग गणपती, आणि कोंबडीकडे पाहायला कोणाला सवड नसते.

संमेलनाच्या दिवशी जादूगाराचे काम करणारा मुलगा तिसऱ्या प्रयोगानंतर आपले वाक्य विसरला. तो नुसताच कोंबडीकडे वळून पाहत राहिला. पडद्यामागे माझ्या हातावर ती होती. मी मान तिरपी केली, एक डोळा त्याच्यावर रोखला आणि तशीच थांबले. सभागृहात जे हसू उठले ते माझ्या लिहिलेल्या कोणत्याही वाक्याला मिळाले नाही.

पुढच्या संमेलनासाठी जादूगाराच्या आणखी दोन कोंबड्या लागणार आहेत, म्हणजे एकसारख्या तिघींत आपली कोणती हे त्यालाच ओळखता येऊ नये. गेल्या आठवड्यात डोळे शिवून घ्यायला गेले तेव्हाच दिवाळीनंतरची तारीख धरून मी आगाऊ रक्कम दिली. पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे : “पांढरी कोंबडी, नग दोन, लहान पंजा, पापण्या नाही.”